एका घरांतील तीन पुस्तकें

पुस्तकांच्या दुकानांत शिरतांच डोळ्यांत भरणारी दर्शनी फळी आजकाल बहुधा एकाच जातीच्या पुस्तकांची असते. ध्येय कसें गाठावें, उत्साह कसा टिकवावा, आळस कसा जिंकावा, चाळिशीनंतर नवें आयुष्य कसें आरंभावें, असे त्यांचे विषय. आणि पुष्कळशीं पुस्तकें परभाषेंतून घाईनें उतरविलेलीं. मुलगा परीक्षेंत मागें पडला म्हणजे वडील त्याला यांतलें एखादें आणून देतात, आणि वडील नोकरींतून निवृत्त झाले म्हणजे मुलगा त्यांना दुसरें आणून देतो. या पुस्तकांस सरसकट नांवें ठेवण्याचा आमचा हेतु नाहीं. खचलेल्या माणसाला चार धीराचे शब्द हवे असतात, आणि ते कोणी छापून विकले तर त्यांत पाप नाहीं. परंतु वाङ्मय म्हणून त्यांचा विचार करूं लागलें म्हणजे दोन गोष्टी खटकल्याशिवाय राहात नाहींत.

पहिली गोष्ट अशी कीं, उत्साह हें जणूं रॉकेल आहे, तें आधीं ओतावें म्हणजे दिवा आपोआप लागतो, अशी या ग्रंथकारांची समजूत दिसते. वाचकाचा अनुभव निराळा असतो. पंधरा दिवस पहांटे उठणें होतें, सोळाव्या दिवशीं होत नाहीं. आणि मग तो दोष पुस्तकाच्या विचारसरणीचा न समजतां स्वतःच्या स्वभावाचा समजून वाचक त्याच फळीवरील पुढचें पुस्तक विकत घेतो. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. या पुस्तकांत उदाहरणादाखल आणलेल्या थोर पुरुषांना घरच नसतें. ते पहांटे चार वाजतां उठतात, पण त्या वेळीं चूल कोण पेटवितें याचा उल्लेख नाहीं. ते सर्वस्व पणास लावतात, पण त्या सर्वस्वांत आणखी कोणाकोणाचा वांटा होता याची वाच्यता नाहीं. हिशेबाची वही उघडावी आणि तिचें जमेचें पानच तेवढें शिल्लक असावें, तसा हा प्रकार होतो.

या जातीच्या वाङ्मयाचा मूळपुरुष म्हणून सॅम्युएल स्माइल्स याचें नांव घेण्याची रीत आहे. त्याचें 'सेल्फ-हेल्प' हें पुस्तक १८५९ सालीं निघालें. नांवावरून हा एकेकट्या माणसाच्या कर्तबगारीचा पुरस्कर्ता असावा असें वाटतें. पण त्या पुस्तकाची जन्मकथा पाहिली तर मौज वाटते. इंग्लंडांतील लीड्स शहरीं कांहीं गरीब तरुणांनीं हिवाळ्यांतील रात्रीं एकत्र जमून एकमेकांस लिहिणें, वाचणें, अंकगणित शिकविण्याचा उपक्रम केला होता. पुढें संख्या वाढली तेव्हां त्यांनीं एक कळकट जागा भाड्यानें घेतली. तेथें पूर्वीं पटकीच्या रोग्यांचें तात्पुरतें रुग्णालय होतें, म्हणून ती कोणी घेईना. या मंडळीसमोर १८४५ च्या सुमारास स्माइल्सनें जीं व्याख्यानें दिलीं, त्यांतून हें पुस्तक उगवलें. म्हणजे स्वावलंबनाचा हा ग्रंथराज परस्परावलंबनाच्या पोटीं जन्मास आला! पुस्तकाच्या नांवामुळें तें स्वार्थाची स्तुति करणारें आहे असा लोकांचा ग्रह झाला, याचें वाईट खुद्द स्माइल्सलाही वाटत असे, आणि पुढच्या आवृत्तीच्या प्रस्तावनेंत त्यानें तें बोलूनही दाखविलें. त्याच्या वंशजांनीं मात्र नांव तेवढें उचललें आणि ती भाड्याची खोली विसरून टाकली.

या पार्श्वभूमीवर आम्ही मराठींतील तीन जुन्या पुस्तकांकडे वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. तिन्ही आत्मचरित्रें आहेत, आणि तिन्ही एकाच घरांत, एकाच उद्योगाच्या पोटांतून निर्माण झालीं आहेत. पहिलें अण्णासाहेब ऊर्फ धोंडो केशव कर्वे यांचें 'आत्मवृत्त'. दुसरें त्यांच्या पत्नी आनंदीबाई ऊर्फ बाया कर्वे यांचें 'माझें पुराण'. आणि तिसरें आनंदीबाईंच्या धाकट्या भगिनी पार्वतीबाई आठवले यांची 'माझी कहाणी'. तिन्ही पुस्तकें सुटीं सुटीं वाचणारे वाचक आहेत. तीं एकापुढें एक ठेवून वाचण्याचा प्रघात मात्र दिसत नाहीं. आणि आमच्या मतें तसें वाचल्याविना त्यांतील एकाचाही पुरता अर्थ लागत नाहीं.

प्रथम 'आत्मवृत्त' घेऊं. अण्णांचा जन्म १८५८ चा. बालपण दापोली तालुक्यांतील मुरुड गांवीं गेलें. सरकारी नोकरीचें दार उघडणाऱ्या परीक्षेसाठीं सतरा वर्षांचा हा मुलगा १८७५ सालीं कुंभार्ली घाटानें शंभराहून अधिक मैल पायीं चालून साताऱ्यास गेला आणि 'तुझें वय सतरा दिसत नाहीं' म्हणून परीक्षेस न बसतां परत आला, ही हकीकत पुष्कळांनीं शाळेंतच वाचली असेल. शाळेच्या पुस्तकांतील गोष्ट बहुधा येथेंच थांबते. पायपीट, पाऊस, निराशा आणि शेवटीं बोधाची एक ओळ, एवढ्यानें शिक्षकाचें काम भागतें. परंतु ज्या गोष्टीकरितां हा प्रसंग आम्हांस महत्त्वाचा वाटतो, ती पुढची आहे. पुढील वर्षीं हाच मुलगा कोल्हापुरास जाऊन तीच परीक्षा उतरला. त्या दुसऱ्या खेपेचें वर्णन कोणी करीत नाहीं, कारण त्यांत नाट्य नाहीं. घाट चढतांना अंगीं वीरश्री येते. पण वर्षभरानें तोच अभ्यास पुन्हां काढून बसणें यांत वीरश्री कसली? अण्णांचें सगळें आयुष्य हें अशा दुसऱ्या खेपांचें आहे. मॅट्रिक झाले तेव्हां त्यांचें वय तेवीस होतें. बी. ए. १८८४ सालीं, म्हणजे सव्विसाव्या वर्षीं. सोबतचीं माणसें ज्या वयांत संसारास लागून स्थिरावत, त्या वयांत हे शिकवण्या करून स्वतःच्या शिक्षणाचा खर्च भागवीत होते.

या पुस्तकाच्या भाषेविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे, कारण तिच्यावर रुक्षतेचा आरोप येतो. तो खोटा नाहीं. अलंकार नाहींत, विनोद क्वचित्, मनाच्या खळबळीचें वर्णन त्याहूनही क्वचित्. देणग्यांचे आकडे मात्र भरपूर. प्रथम पत्नी राधाबाई १८९१ सालीं निवर्तल्या. त्याच वर्षीं फर्ग्युसन कॉलेजांत गणिताच्या प्राध्यापकाची जागा चालून आली. एवढ्या दोन घटनांवर दुसऱ्या कोणा लेखकानें दोन प्रकरणें खर्ची घातलीं असतीं. अण्णा शांतपणें पुढें जातात. परंतु ही रुक्षता आम्हांस उणीव वाटत नाहीं; निदान या विषयापुरती तरी नाहीं. ज्याला आपल्या उत्साहाचें कौतुक नाहीं, असा मनुष्य उत्साह टिकविण्याच्या प्रश्नावर बोलावयास सर्वांत लायक. अण्णा स्वतःस लाजाळू व भिडस्त म्हणवितात, आणि तें वाचतांना विनयाचा आव वाटत नाहीं. चारचौघांत तोंड उघडण्यास कचरणाऱ्या माणसानें आयुष्यभर दारोदार जाऊन वर्गणी मागितली, हें त्यांचें खरें साहस. आणि त्याचें रहस्य विचाराल तर तें वहींत आहे. मुंबईत असतांनाच आपल्या प्राप्तीचा ठराविक अंश लोककार्यासाठीं बाजूस काढण्याची संवय त्यांनीं लावून घेतली होती, आणि गांवकऱ्यांच्या लहान लहान वर्गण्यांतून 'मुरुड फंड' उभारला होता. ज्याचा हप्ता ठरलेला आहे त्याला रोज सकाळीं आपलें ध्येय नव्यानें स्मरावें लागत नाहीं. हप्ताच तें स्मरण देतो.

हिंगण्याच्या पायवाटेची कथाही तशीच. अनाथबालिकाश्रमाची स्थापना १८९६ सालीं पुण्यांत झाली. प्लेगच्या दिवसांत आश्रम शहराबाहेर हलवावा लागला आणि १९०० सालीं हिंगण्याच्या माळावर एका झोंपडींत त्याचें बस्तान बसलें. कॉलेजांतलें शिकविणें आटोपलें कीं अण्णा सामानसुमान घेऊन तो सुमारें चार मैलांचा, पावसाळ्यांत चिखलानें भरलेला रस्ता पायीं तुडवीत; मुलींस शिकवीत आणि सकाळीं परत कॉलेजास येत. आजच्या फळीवरील पुस्तकें म्हणतील, पहा, केवढी ही ध्येयनिष्ठा! आम्हांस दिसतें तें असें कीं, पलीकडच्या टोकास कोणीतरी वाट पाहात होतें. मुलींचा पाठ अडला असता, रात्रीचें तेलमीठ पोंचलें नसतें. असें कोणी आपल्या खोळंब्याला असलें म्हणजे आज उत्साह आहे कीं नाहीं हा प्रश्नच उठत नाहीं. लीड्सच्या त्या खोलींत जमणाऱ्या तरुणांचेंही असेंच झालें असेल. आपण गेलों नाहीं तर शेजारच्याची बेरीज शिकावयाची राहील, या भिडेनें पुष्कळजण थंडींत घराबाहेर पडले असतील.

'आत्मवृत्तां'तील दुसरी ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट म्हणजे ध्येयाचें स्वरूप. ध्येय आधीं निश्चित करा, तें कागदावर लिहा, तो कागद आरशाशेजारीं चिकटवा, असा उपदेश हल्लीं सर्रास ऐकूं येतो. अण्णांच्या आयुष्यांत असा कागद सांपडत नाहीं. १८९३ सालीं त्यांनीं विधवेशीं पुनर्विवाह केला आणि त्याच वर्षीं विधवाविवाहोत्तेजक मंडळी काढली. परंतु थोड्या विधवांचे विवाह घडवून आणल्यानें इतर असंख्य जणींची स्थिति पालटत नाहीं, त्यांना शिक्षण हवें, हें काम करतां करतां ध्यानीं आलें, म्हणून आश्रम निघाला. आश्रमांत विधवांची सोय झाली. पण बालविवाह टाळावयाचा तर कुमारिकांसही शाळा हवी, म्हणून १९०७ सालीं महिला विद्यालय. संस्था वाढल्या, त्यांस आजन्म सेवक मिळेनात, म्हणून १९०८ सालीं निष्काम-कर्म-मठ. पुढें १९१५ मध्यें बनारसचे शिवप्रसाद गुप्त यांच्याकडून जपानांतील महिला विद्यापीठाचें एक माहितीपत्रक त्यांच्या हातीं आलें, आणि सत्तावन्न वर्षांच्या या निवृत्त प्राध्यापकाच्या मनांत मातृभाषेंतून शिकविणाऱ्या स्वतंत्र विद्यापीठाची कल्पना घर करून बसली. १९१६ सालीं तें निघालें. स्त्रियांस वेगळा अभ्यासक्रम देणें म्हणजे त्यांस दुय्यम लेखणें होय, असा आक्षेप त्या वेळीं सुशिक्षितांनीं घेतला, आणि तो अगदींच निराधार होता असें आम्हांसही म्हणवत नाहीं. १९२० सालीं सर विठ्ठलदास ठाकरसी यांनीं पंधरा लाखांची देणगी दिली तेव्हां त्या विद्यापीठास स्थैर्य आलें. पुढें १९३६ मध्यें, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं, खेड्यांतील शाळांकरितां महाराष्ट्र ग्राम-प्राथमिक शिक्षण मंडळ. आणि १९४४ मध्यें, शहाऐंशीव्या वर्षीं, समता संघ. यांतली प्रत्येक संस्था आधीच्या संस्थेच्या उणिवेंतून निघाली आहे. हातांतलें काम करीत असतां जें अपुरें दिसलें, तेंच पुढचें ध्येय झालें. १८९३ सालीं कोणीं त्यांस 'पन्नास वर्षांनीं आपण काय कराल?' असें विचारलें असतें, तर समता संघ हें उत्तर मिळालें नसतें. बहुधा कांहींच उत्तर मिळालें नसतें.

येथपर्यंत वाचून एखादा तरुण म्हणेल कीं, उत्तम. लहान हप्ता, वाट पाहणारीं माणसें आणि कामांतून वाढत जाणारें ध्येय, एवढें साधलें कीं झालें. त्यानें येथें 'आत्मवृत्त' खालीं ठेवून 'माझें पुराण' उचलावें.

हें पुस्तक १९४४ सालीं प्रसिद्ध झालें. आनंदीबाईंनीं सांगितलें आणि त्यांच्या सूनबाई कावेरीबाई कर्वे यांनीं तें लिहून काढलें. नांवांतच खोंच आहे. 'तुझें पुराण पुरे' असें ज्या बोलणाऱ्या बाईस घरांत ऐकावें लागतें, तिनेंच आपल्या पुस्तकास तें नांव द्यावें, यांत सगळा स्वभाव आला. बालपणींच विवाह आणि तीन महिन्यांच्या आंत वैधव्य. वीस वर्षांच्या सुमारास भाऊ नरहरपंत जोशी यांच्याबरोबर मुंबईस आगमन. १८८९ सालीं पंडिता रमाबाईंच्या शारदा-सदनांत पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणून प्रवेश. आणि १८९३ मध्यें अण्णांशीं विवाह. त्या विवाहामुळें मुरुडच्या गांवकऱ्यांनीं कर्वे कुटुंबावर बहिष्कार घातला. हा सगळा इतिहास दोन्ही पुस्तकांत आहे. परंतु 'आत्मवृत्तां'त जो प्रसंग ठराव व तारीख होऊन येतो, तो 'पुराणां'त चूल, लुगडें आणि जेवणाची पंगत होऊन येतो.

आतां मुद्द्याची गोष्ट. अण्णांनीं आश्रम काढला तेव्हां आपली शिल्लक त्यांत घातली, आणि पुढें आपली आयुर्विम्याची पॉलिसीही आश्रमाच्या नांवें करून दिली. 'आत्मवृत्तां'च्या वाचकास हा त्यागाचा कळस वाटतो, आणि तो आहेच. पण पॉलिसी कशासाठीं असते? नवरा अकस्मात् गेला तर बायकामुलांस दोन घांस मिळावे म्हणून. ज्या बाईनें वैधव्य एकदां भोगलें आहे, त्या बाईस विम्याच्या त्या कागदाचा अर्थ गणिताच्या प्राध्यापकापेक्षां अधिक कळत होता. आनंदीबाई संतापल्या, आणि हा संताप त्यांनीं पुस्तकांत झांकून ठेवला नाहीं. घरांत मुलें, पगाराचा मोठा भाग बाहेर जाणारा. तेव्हां त्या नागपुरास जाऊन परिचारिकेचें व सुइणीचें काम शिकून आल्या आणि त्या कमाईचा हात संसारास लावला. म्हणजे आश्रमाला अण्णांनीं जें दिलें त्याची भरपाई घरांत दुसऱ्या कोणाच्या तरी रात्रीच्या जागरणानें होत होती! अनाथबालिकाश्रमाच्या इतिहासांत या जागरणांची नोंद कोणत्या रकान्यांत आहे, हें आम्हांस तरी सांपडलें नाहीं.

याहून कठीण गोष्ट पुढेंच आहे. आश्रम विधवांच्या शिक्षणाकरितां होता. तेथें पुनर्विवाहाचा पुरस्कार करावयाचा नाहीं, असें अण्णांनीं हेतुपुरस्सर ठरविलें होतें. नाहीं तर सनातनी घरांतील लोक आपल्या लेकीसुना तेथें पाठवतेना. धोरण म्हणून तें शहाणपणाचें होतें, आणि त्याशिवाय आश्रम जगला नसता हेंही खरें. परंतु त्या धोरणाचा अर्थ असा झाला कीं, जिच्याशीं पुनर्विवाह करून अण्णांनीं या मार्गावर पहिलें पाऊल टाकलें, तीच बाई त्या संस्थेच्या उंबरठ्यावर अडचणीची ठरली. मनुष्य आपल्या ध्येयाकडे सातत्यानें चालत असतां सर्वांत जवळच्या माणसास असें बाजूस उभें राहावें लागतें. 'आत्मवृत्तां'त याचा ठसा पुसट आहे. 'पुराणां'त तो ठळक आहे. आमच्या वाचकांत ज्यांच्या घरीं कोणी मोठ्या ध्येयानें झपाटलेला वडील, नवरा अथवा मुलगा असेल, त्यांस हीं पानें समजावून सांगण्याची गरज पडणार नाहीं.

तरीही 'माझें पुराण' हें तक्रारीचें पुस्तक नव्हे. तसें असतें तर आम्ही त्याची शिफारस केली नसती. रागावलेली ही बाई आश्रमासाठीं स्वतः वर्गणी गोळा करते, आल्यागेल्याचें करते, कोणाचें बाळंतपण निभावते आणि पुन्हां रागावते. निष्ठा आणि राग हीं दोन्ही एका मनांत पन्नास वर्षें नांदूं शकतात, हें या पुस्तकाइतकें स्वच्छ दाखविणारें मराठी पुस्तक आम्हांस ठाऊक नाहीं. उत्साहाच्या उपदेशकांना ही गोष्ट परवडणारी नाहीं; त्यांच्या मतें मनांत किल्मिष आलें कीं काम थांबलें. आनंदीबाईंचें काम थांबलें नाहीं. पुढें वसंत कानेटकर यांनीं या दांपत्याच्या जीवनावरून 'हिमालयाची सावली' हें नाटक लिहिलें (१९७२), आणि सावलींतल्या बाईकडे पुष्कळांचें लक्ष गेलें, हें चांगलेंच झालें. पण नाटकांतील बायको ही कितीही झालें तरी नाटककाराची. 'पुराणां'तील आवाज तिचा स्वतःचा आहे, आणि तो सावलींतून बोलणाऱ्या माणसाचा मुळींच वाटत नाहीं.

पार्वतीबाई आठवले यांच्या 'माझी कहाणी'विषयीं (१९२८) थोडक्यांत लिहितों. वाङ्मयदृष्ट्या तिन्हींत हें पुस्तक दुबळें आहे. व्याख्यान देण्याची संवय जडलेल्या लेखिकेचा हात कहाणी सांगतां सांगतां वारंवार मतप्रतिपादनाकडे वळतो, आणि स्त्रीचें मुख्य क्षेत्र घर हेंच होय यासारखीं त्यांचीं मतें आजच्या वाचकास पटण्यासारखीं नाहींत. विशेष म्हणजे त्यांचें स्वतःचें आयुष्य या मताविरुद्ध साक्ष देतें! लहान मुलगा पदरीं असतां वैधव्य आलें; बहिणीच्या आधारानें पुण्यास आल्या; सव्विशीच्या सुमारास शिक्षणास आरंभ केला; आश्रमाची व्यवस्था पाहिली; केशवपनाची रूढि सोडली; आणि आश्रमासाठीं गांवोगांव हिंडून, व्याख्यानें देऊन निधि जमविला. इंग्रजी शिकण्याची इच्छा फार दिवसांची. पण आश्रमाच्या रगाड्यांत तें जमेना. तेव्हां १९१८ सालीं, अठ्ठेचाळीस वर्षांच्या वयांत, ही बाई एकटी अमेरिकेस गेली. पैसा नाहीं, भाषा नाहीं. लोकांच्या घरीं मोलकरणीचें काम करून तिनें दिवस काढले व त्यांतून इंग्रजी शिकून १९२० सालीं परत आली. 

हा भाग वाचतांना आम्हांस राहून राहून एक गोष्ट जाणवली. अण्णांच्या ध्येयास पोटापुरता पगार व नंतर पेन्शन यांचा आधार होता. आनंदीबाईंनीं आपलें ध्येय संसाराच्या फटींत बसविलें. पार्वतीबाईंचें ध्येय मात्र सर्वस्वीं खासगी, आपल्याला एक भाषा यावी एवढेंच होतें. त्या भाषेवांचून आश्रम अडला होता असें नाहीं. वैयक्तिक आकांक्षा म्हणून जिला म्हणतां येईल ती या तिघांत याच एका बाईची, आणि तिच्यासाठीं तिनें जें कष्ट उपसले त्यांत कोणा दुसऱ्याचा हिस्सा तिनें खर्च केला नाहीं. दुसऱ्यांच्या घरचीं भांडीं घांसून तिनें त्याची किंमत स्वतः चुकविली. व्याख्यानबाजीचा दोष आम्ही वर दाखविला आहे, तरी या प्रकरणांसाठीं हें पुस्तक संग्रहीं असावें असें आम्हांस वाटतें.

आतां एका आक्षेपाचें उत्तर देतों. अण्णांनीं बायकोच्या म्हणण्याप्रमाणें पॉलिसी घरांत ठेवली असती, तर आश्रम उभा राहिला असता काय, असें कोणी विचारील. राहिला नसता, अथवा फार उशिरां राहिला असता. आणि त्या उशिरानें हिंगण्यास येऊन शिकलेल्या कित्येक मुलींचें आयुष्य कुजलें असतें. त्यामुळें या दोन पुस्तकांच्या मध्यें न्यायाधीश होऊन बसण्याची आमची इच्छा नाहीं. आमचें गाऱ्हाणें टीकाकारांविषयीं आहे. अण्णांचें पुस्तक ध्येयनिष्ठेचा आदर्श म्हणून वाचावयाचें आणि आनंदीबाईंचें पुस्तक 'स्त्रियांच्या आठवणी' या सदराखालीं ठेवावयाचें, अशी जी वांटणी पडून गेली आहे, तिनें दोघांवरही अन्याय होतो. अण्णांच्या ध्येयनिष्ठेची किंमत कळत नाहीं, आणि आनंदीबाईंची ध्येयनिष्ठा तर ध्येयनिष्ठा म्हणून ओळखूंच येत नाहीं.

गमतीची गोष्ट अशी कीं, या दोघांच्या आठवणींचे अंश एकत्र पाहावयाचे तर मराठी वाचकास इंग्रजीकडे जावें लागतें. त्यांचे चिरंजीव दिनकर धोंडो कर्वे यांनीं १९६३ सालीं 'द न्यू ब्राह्मन्स' या नांवाचा इंग्रजी संग्रह काढला. त्यांत आई आणि वडील शेजारीं शेजारीं येऊन बसले आहेत, आणि इरावतीबाईंनीं आपल्या सासऱ्यांवर लिहिलेला, भक्ति व परखडपणा यांचें चमत्कारिक मिश्रण असलेला निबंधही आहे. परकी माणसांकरितां केलेलें हें काम घरच्या माणसांकरितां करावयाचें राहून गेलें.

तेव्हां प्रकाशकांस आमची सूचना अशी कीं, 'आत्मवृत्त', 'माझें पुराण' आणि 'माझी कहाणी' हीं तिन्ही एका बांधणींत काढावीं. जुनी भाषा जशीच्या तशी ठेवावी. प्रस्तावना लांबवूं नये. शेवटीं एक सालवारी जोडावी आणि एकच प्रसंग तिन्ही पुस्तकांत कोठें कोठें आला आहे, त्यांचे पृष्ठांक समोरासमोर द्यावे. विम्याच्या पॉलिसीपुढें एका पुस्तकाचा पृष्ठांक आणि दुसऱ्याचे दोन-तीन आले म्हणजे वाचक आपण होऊन ती पानें उलटून पाहील. मुरुड, हिंगणें, नागपूर यांचा एक साधा नकाशाही असावा. किंमत मात्र त्या दर्शनी फळीवरील पुस्तकांहून अधिक ठेवूं नये.